धर्मादाय ढाल : एका फुटबॉल संघटनेच्या दानाचा हिशेब



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘राष्ट्रीय क्रीडासंस्था आणि स्थानिक समाजकार्य’ असा छापला आहे. विषय इतका ऐसपैस असला की वक्त्याची सोय होते. तासभर ‘पाहिजे’ आणि ‘व्हायला हवं’ यांवर बोलता येतं. मी ती सोय घेणार नाही. मी एकाच संस्थेबद्दल बोलणार आहे, आणि त्या संस्थेच्या एका ढालीबद्दल. ढाल म्हणजे आपल्याकडे शाळेच्या बक्षीस समारंभात देतात ती, लाकडावर चांदीचा पत्रा ठोकलेली. संस्था आहे इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन. १८६३ साली लंडनमधल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न नावाच्या खाणावळीत तिचा जन्म झाला. तिच्या नावात ‘इंग्लंड’ हा शब्दच नाही. पहिल्या आलेल्याला आडनाव लागत नाही, तसं आहे ते. बाकीच्या देशांनी आपापली नावं जोडली, यांनी नुसतं ‘द एफए’ ठेवलं. मीही आज एफएच म्हणेन.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा हा माणूस फुटबॉलवर काय बोलणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते आहे. शंका रास्त आहे. पण मला खेळातल्या गोलांपेक्षा खेळाच्या गल्ल्यात रस आहे. सामना संपल्यावर दारावर जमलेले पैसे कुठे जातात, कोण ठरवतं, आणि ते ‘दान’ कधी म्हणवतात, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा चांगला दस्तऐवजी इतिहास आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. त्याआधी गावोगावची बरीचशी मोठी रुग्णालयं देणग्यांवर चालत. रुग्णालयाला वर्गणी देणाऱ्या सद्गृहस्थाकडून चिठ्ठी आणायची, ती दाखवली की रुग्णाला आत घ्यायचे, अशी रीत बऱ्याच ठिकाणी होती. कामगारांनीही मग आपली वर्गणी सुरू केली. रविवारी चर्चमध्ये रुग्णालयासाठी थाळी फिरे, आणि शनिवारी कारखान्यात डबा फिरे. शनिवारीच का? कारण शनिवारी पगार होई. आणि शनिवारी दुपारी गिरणी, कारखाना बंद होई. खिशात आठवड्याचा पगार, हातात मोकळी दुपार, आणि समोर फुटबॉलचं मैदान. इंग्लंडमध्ये फुटबॉल कामगारांचा खेळ कसा झाला याचं निम्मं उत्तर या शनिवार दुपारीत आहे. रुग्णालयासाठी पैसे गोळा करणाऱ्या मंडळींना हे न दिसतं तरच नवल. ‘धर्मादाय चषक’ नावाच्या स्पर्धा गावोगाव सुरू झाल्या. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांचा धर्मादाय चषक १८७६-७७ च्या मोसमातला. शेफील्डमध्ये, बर्मिंगहॅममध्ये, एडिंबरामध्ये असे चषक होते. स्थानिक संघ, स्थानिक प्रेक्षक, स्थानिक रुग्णालय. आपल्या गल्लीतला पोरगा खेळतो, आपण दोन पेनी देतो, आणि त्या दोन पेनींतून ज्या खाटेची सोय होते त्या खाटेवर उद्या आपणच असू शकतो. याला मी दान म्हणायला थोडा कचरतो. ही भिशीच्या जवळची गोष्ट आहे. देणारा आणि घेणारा एकाच आळीत राहतो.

राष्ट्रीय संस्था यात कुठून आली? ती आली भांडणातून. फुटबॉल खेळण्याचे पैसे घ्यावेत का, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा तंटा. १८८५ साली एफएनं धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची, खासगी शाळांतली मंडळी नाराज झाली. त्यांचा कोरिंथियन नावाचा प्रसिद्ध संघ होता. या सभ्य गृहस्थांचा नियमच होता की चषकासाठी, बक्षिसासाठी खेळायचं नाही. १८९८ साली लंडनचे शेरीफ सर थॉमस ड्यूअर यांनी (व्हिस्कीच्या बाटलीवर वाचलेलं नाव, तेच हे घराणं) एक ढाल दिली. दरवर्षी एक हौशी संघ विरुद्ध एक धंदेवाईक संघ, आणि उत्पन्न धर्मादायाला. कोरिंथियन मंडळींनी आपला नियम या सामन्यापुरता बाजूला ठेवला आणि शेफील्ड युनायटेडविरुद्ध मैदानात उतरले.

इथे थोडं थांबू या. नियम बाजूला ठेवायला त्यांना कारण काय पुरलं? धर्मादाय. एरवी जे करणं प्रतिष्ठेला शोभणार नाही, ते दानासाठी केलं तर शोभतं. आपल्याला हे ओळखीचं आहे. घरंदाज बायकांनी रंगमंचावर जाऊ नये असं ज्या काळात सर्रास मानलं जाई, त्या काळात मदतनिधीच्या प्रयोगाला मात्र सूट मिळे. दान हा एक परवाना असतो. हा परवाना कोण देतो आणि कोण काढून घेतो, एवढं ध्यानात ठेवा. पुढे याच धाग्याला गाठ पडणार आहे.

१९०७ साली हौशी मंडळींनी एफएशी काडीमोड घेऊन आपली वेगळी संघटना काढली. शेरीफच्या ढालीची सोय संपली. तेव्हा १९०८ साली एफएनं स्वतःची ढाल काढली : ‘चॅरिटी शील्ड’, धर्मादाय ढाल. पहिला सामना २७ एप्रिल १९०८ ला लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स. बरोबरी झाली, म्हणून ऑगस्टच्या अखेरीला पुन्हा खेळवला आणि मँचेस्टरनं ४-० नं जिंकला. पुढची अनेक वर्षं या सामन्याचं स्वरूप ठरेना. कधी लीगविजेता विरुद्ध चषकविजेता, कधी हौशी विरुद्ध धंदेवाईक, १९५० साली तर विश्वचषकाला गेलेला संघ विरुद्ध कॅनडाच्या दौऱ्यावर गेलेला संघ. स्वरूप बदलत राहिलं, ‘धर्मादाय’ हे विशेषण टिकलं.

कायद्याची एक बाजू इथेच सांगून टाकतो. इंग्लिश कायद्यात ‘धर्मादाय’ शब्दाला नेमका अर्थ आहे, एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्यापासून. आणि त्या अर्थात खेळ बसत नव्हता! १८९५ साली नॉटेज नावाच्या गृहस्थाच्या मृत्युपत्राचा खटला झाला. शिडाच्या नौकांच्या शर्यतीसाठी दरवर्षी चषक द्यावा म्हणून त्यानं पैसे ठेवले होते. न्यायालय म्हणालं, नुसत्या खेळाला उत्तेजन देणं हा धर्मादाय हेतू नव्हे. एफएनं १९७२ मध्ये शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या खेळासाठी एक ट्रस्ट केला, तर त्याचा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९८० साली तिथे निकाल लागला की हा ट्रस्ट धर्मादाय आहे, पण खेळ म्हणून नव्हे, शिक्षण म्हणून. हौशी खेळाला स्वतःच्या नावानं धर्मादायाच्या यादीत जागा मिळाली ती २००६ च्या कायद्यानं. तात्पर्य, १९०८ साली एफए जेव्हा ‘धर्मादाय ढाल’ म्हणत होती, तेव्हा खेळ धर्मादाय नव्हता. गल्ला धर्मादाय होता. म्हणून सगळा प्रश्न गल्ल्याच्या हिशेबावर येतो.

आता मुख्य कथेकडे येतो.

लँकेशायरमध्ये प्रेस्टन नावाचं गाव आहे. तिथे डिक, कर आणि कंपनी नावाचा ट्राम व रेल्वेचं सामान बनवणारा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात तो दारूगोळा बनवू लागला. पुरुष आघाडीवर गेले, बायका यंत्रांवर आल्या. जेवणाच्या सुट्टीत आवारात बायका फुटबॉल खेळू लागल्या. १९१७ च्या नाताळात त्यांनी गावाच्या डीपडेल मैदानावर दुसऱ्या एका कारखान्याच्या बायकांविरुद्ध सामना खेळला. दहा हजार लोक आले. गल्ला गेला गावातल्या मूर पार्क इथल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला. कारखान्याच्या कचेरीतला आल्फ्रेड फ्रँकलंड नावाचा माणूस त्यांचा व्यवस्थापक झाला. ‘डिक, कर लेडीज’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं.

युद्ध संपलं, पण जखमी सैनिक संपत नाहीत. १९२० च्या वसंतात फ्रान्सहून बायकांचा संघ आला, ॲलिस मिलिया त्याच्या प्रमुख होत्या. त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स लेडीज असा सामना झाला. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक होते. कित्येक हजार दारातून परत गेले. जमा झाली ३,११५ पौंड, बेकार माजी सैनिकांच्या मदतीसाठी. त्या काळी धंदेवाईक पुरुष खेळाडूचा कमाल पगार आठवड्याला नऊ पौंड होता, त्यावरून आकड्याचं वजन समजेल. १९२१ मध्ये या संघानं सदुसष्ट सामने खेळले. म्हणजे साधारण दर साडेपाच दिवसांना एक. आणि या बायका दिवसा कारखान्यात कामाला होत्या! त्यांच्यात लिली पार नावाची सेंट हेलेन्सची उंच, डाव्या पायाची मुलगी होती. आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची.

१९२१ साल आणखी एका कारणानं महत्त्वाचं आहे. युद्धकाळात सरकारच्या ताब्यात असलेल्या कोळसा खाणी ३१ मार्च १९२१ ला मालकांना परत गेल्या. मालकांनी मजुरी कापली, खाणकामगारांनी ती नाकारली, आणि १ एप्रिलपासून टाळेबंदी झाली. ती जूनच्या अखेरपर्यंत चालली. खाणगावांत उपासमार होती, सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवावी लागत होती. बायकांचे संघ या कुटुंबांच्या मदतीसाठीही सामने खेळू लागले.

फरक तुमच्या लक्षात आला असेल. जखमी सैनिकाला मदत करण्यावर कुणाचं दुमत नसतं. संपातल्या, टाळेबंदीतल्या कामगाराच्या पोरांना जेवू घालणं हे मात्र काहींच्या मते दान, काहींच्या मते बाजू घेणं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचा विचार देश, काल आणि पात्र पाहून करायला सांगितला आहे. आपण तो उपदेश म्हणून पाठ करतो. पण ‘पात्र’ कोण हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा त्यातला खरा राजकीय प्रश्न आहे.

५ डिसेंबर १९२१ ला एफएनं ठराव केला. मजकूर थोडक्यात असा : बायकांच्या फुटबॉलबद्दल तक्रारी आल्या आहेत, हा खेळ स्त्रियांना अगदी अयोग्य आहे आणि त्याला उत्तेजन देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. शिवाय जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, धर्मादायाला पुरेसा जात नाही, असंही आमचं मत आहे. सबब, आमच्याशी संलग्न क्लबांनी आपली मैदानं अशा सामन्यांना देऊ नयेत.

ठरावातल्या पहिल्या कारणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते बरोबरच लिहिलं गेलं आहे. मला दुसऱ्या कारणाकडे पाहायचं आहे, कारण ते नैतिक वेष घालून आलं आहे. खर्च होत होता का? होत होता. बायका गावोगाव प्रवास करत, राहत, जेवत. सामन्यामागे दहा शिलिंग मिळत, बुडालेल्या मजुरीपोटी. जिला तासाच्या हिशेबानं मजुरी मिळते तिनं शनिवारी दोनशे मैल जायचं तर कुणाच्या पदरमोडीनं? कोरिंथियन गृहस्थांना हा प्रश्न पडत नव्हता, त्यांचे वडील होते. ज्याच्याजवळ फुरसत आहे त्याचं दान शुद्ध दिसतं. ज्याला फुरसत विकत घ्यावी लागते त्याच्या दानावर खर्चाचा डाग दिसतो. आणि हो, फ्रँकलंडचे हिशेब अगदी चोख असतील असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण हिशेबाबद्दल शंका असली तर उपाय काय असतो? वही मागवा. खर्चाला मर्यादा घाला, तुमचा माणूस गल्ल्यावर बसवा. आपल्याकडे गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकाबद्दल कुरबुर झाली तर आपण हिशेब मागतो, गणपती बसवायला बंदी करत नाही. एफएनं मैदानच काढून घेतलं.

मैदान काढून घेणं याचा व्यावहारिक अर्थ नीट पाहा. भिंत घातलेली, फिरत्या फाटकाची, हजारो माणसं मावतील अशी मैदानं संलग्न क्लबांकडेच होती. उघड्या बागेत सामना खेळता येतो, पण तिकीट लावता येत नाही. धर्मादायाला पुरेसे पैसे जात नाहीत म्हणून ज्यांनी फाटक बंद केलं, त्यांनी धर्मादायाला जाणारे उरलेसुरले पैसेही आटवले. डिक, कर लेडीज पुढे प्रेस्टन लेडीज या नावानं १९६५ पर्यंत खेळत राहिल्या, पण गुडिसन पार्कची गर्दी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. लिली पारनं पुढे मनोरुग्णांच्या रुग्णालयात परिचारिकेचं काम केलं आणि खेळणंही चालू ठेवलं. ठराव मागे घेतला गेला तो १९७० च्या सुमाराला, औपचारिकपणे १९७१ साली. म्हणजे पन्नास वर्षं.

मघाशी परवाना म्हणालो तो हाच. कोरिंथियन गृहस्थांना आपला नियम मोडायला ‘धर्मादाय’ हा परवाना पुरला. गिरणी-कारखान्यातल्या बायकांनाही तोच परवाना मिळाला होता, युद्ध होतं तोवर. पुढे गृहस्थांकडे कुणी वही मागितली नाही.

मधली वर्षं भराभर ओलांडू या. १९४८ नंतर रुग्णालयं सरकारी झाली आणि गावोगावच्या धर्मादाय चषकांचा मूळ हेतूच विरला. एफएची ढाल मात्र चालू राहिली, कारण तोवर ती मोसमाचा एक विधी झाली होती. १९७४ मध्ये एफएचे सचिव टेड क्रोकर यांच्या कल्पनेनुसार हा सामना वेम्बलीला, मोसमाच्या सुरुवातीला, थाटात होऊ लागला. पहिल्याच वर्षी लीड्सचा ब्रेमनर आणि लिव्हरपूलचा कीगन यांची मारामारी झाली, दोघांना पंचांनी बाहेर काढलं, दोघांनी जाताना अंगातले शर्ट काढून फेकले. धर्मादाय सामना! १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, दूरदर्शनचा पैसा आला, आणि हा सामना म्हणजे नव्या मोसमाची जाहिरात झाला.

आणि मग २००२ साल. इंग्लंड आणि वेल्समध्ये चॅरिटी कमिशन नावाची संस्था १८५३ पासून आहे. आपल्या धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीची ती लांबची थोरली बहीण म्हणा. महाराष्ट्रात ज्यानं एखादं मंडळ, तालीम, वाचनालय चालवलं आहे त्याला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा, बदल अर्ज, ऑडिट केलेले जमाखर्च, हे सगळं तोंडपाठ असतं. तर या कमिशननं एफएच्या धर्मादाय ढालीचा तपास केला. निष्कर्ष काय? तिकिटाच्या पैशातला नेमका किती भाग धर्मादायाला जातो हे एफएनं स्पष्ट केलेलं नाही, आणि ज्या संस्थांची नावं जाहीर केली त्यांना पैसे द्यायला उशीर केला आहे. धर्मादाय कायद्याखालची कर्तव्यं पाळलेली नाहीत.

१९२१ चा ठराव आठवा. गल्ल्यातला पुरेसा भाग धर्मादायाला जात नाही, हा आरोप करणारी संस्था तीच, आणि एक्याऐंशी वर्षांनी तशाच दोषासाठी पकडलेली संस्थाही तीच. मात्र शिक्षा वेगळी. कुणी वेम्बलीचं फाटक बंद केलं नाही. कुणी म्हणालं नाही की हा खेळ पुरुषांना अयोग्य आहे. व्यवस्था सुधारायला सांगितली आणि सामन्याचं नाव बदललं : ‘चॅरिटी शील्ड’ची ‘कम्युनिटी शील्ड’ झाली. त्या ऑगस्टमध्ये आर्सेनलनं लिव्हरपूलला १-० नं हरवून नव्या नावाची पहिली ढाल घेतली. आणि त्याच २००२ साली लिली पारचं नाव फुटबॉल संग्रहालयाच्या मानकऱ्यांच्या यादीत गेलं, त्या यादीतली पहिली स्त्री म्हणून. ती १९७८ मध्येच वारली होती. एफएनं १९२१ बद्दल जाहीर माफी मागितली २००८ मध्ये.

‘चॅरिटी’ जाऊन ‘कम्युनिटी’ आलं, ही पळवाट होती की सुधारणा? ‘धर्मादाय’ म्हटलं की कायदा विचारतो, किती आणि कुणाला. ‘समाज’ म्हटलं की कुणीच काही विचारत नाही. शब्द मऊ आहे, कुठेही बसतो. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला अशा मऊ शब्दांचा संशय येतो. पण इथे न्याय करायला हवा. नाव बदललं तशी वाटपाची रीतही नीट बांधली गेली, आणि ती मला चांगली वाटते. सामन्याच्या तिकीट आणि कार्यक्रमपुस्तिकांच्या उत्पन्नाचा वाटा १२४ क्लबांना जातो, आणि प्रत्येक क्लब आपल्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला तो देतो. उरलेलं एफएच्या राष्ट्रीय पातळीवरच्या सहयोगी संस्थांना. हा १२४ आकडा कुठून आला? एफए चषकाच्या मुख्य स्पर्धेत पहिल्या फेरीपासून खेळणारे सगळे क्लब. खालच्या दोन विभागांतले ४८, लीगच्याही बाहेरचे पात्रता फेरीतून आलेले ३२, आणि तिसऱ्या फेरीत दाखल होणारे वरच्या दोन विभागांतले ४४. बेरीज करा, १२४. म्हणजे वेम्बलीला दोन श्रीमंत क्लबांनी जमवलेला गल्ला अशा गावापर्यंत पोचतो जिथल्या संघाचा गोलरक्षक दिवसा नळजोडणी करतो. आणि पैसा कुणाला द्यायचा हे लंडन ठरवत नाही, ते गाव ठरवतं. रकमा फार मोठ्या नसतात. पण ‘पात्र’ कोण हे ठरवण्याचा अधिकार १२४ ठिकाणी गेला, ही गोष्ट मला रकमेपेक्षा मोठी वाटते.

याच्या जोडीला २००० मध्ये एफए, प्रीमियर लीग आणि सरकार यांनी मिळून फुटबॉल फाउंडेशन नावाची धर्मादाय संस्था काढली. गावोगावची मैदानं, कपडे बदलायच्या खोल्या यांना ती पैसे देते. ते काम नीरस आहे आणि म्हणूनच बहुधा उपयोगाचं आहे. त्याहून आधी, १९८६ मध्ये, खेळाडूंच्या संघटनेनं वायव्य इंग्लंडमधल्या सहा क्लबांत ‘समाजात फुटबॉल’ असा उपक्रम सुरू केला होता. राष्ट्रीय संस्था तेव्हा पुढे नव्हती, खेळाडू होते, हे नोंदवून ठेवायला हवं.

आयर्लंडचं उदाहरण सांगितल्याशिवाय हा विषय लंगडा राहील. तिथली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावच्या एका हॉटेलात स्थापन झाली, मायकेल क्युसॅक या शिक्षकाच्या पुढाकारानं. तिचा पाया क्लब, आणि क्लबचा पाया पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती. आपली पंचक्रोशी म्हणा. ज्या पंचक्रोशीत जन्मलात तिच्यासाठी खेळायचं, खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत. अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२,३०० प्रेक्षकांपुढे होतो, आणि सोमवारी तो खेळाडू शाळेत गणित शिकवायला हजर. त्या संघटनेला ‘समाजकार्य विभाग’ ही कल्पना सुरुवातीला कळलीही नसती. समाजच संघटना होता. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा क्रोक पार्क गाडीत बसल्या बसल्या तपासणी करण्याचं केंद्र झालं, आणि गावोगावच्या क्लबांची पोरं म्हाताऱ्या माणसांना किराणा आणि औषधं पोचवत होती. कुणाच्या घरी कोण एकटं आहे याची यादी त्यांना कुणाकडून मागवावी लागली नाही. अर्थात पंचक्रोशी ही नेहमीच प्रेमळ असते असं नाही. याच संघटनेत परक्या खेळांवर, परक्या लोकांवर बहिष्काराचे नियम कित्येक दशकं होते. जवळीक जितकी घट्ट तितकं दार अरुंद, हे आपल्याला गावकी-भावकीवरून ठाऊक आहेच.

आता तुम्ही विचाराल, आपलं काय? भारतीय क्रिकेट नियामक मंडळ डिसेंबर १९२८ चं. कायद्यानं ती एक नोंदणीकृत सोसायटी आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हे मंडळ ‘राज्य’ नाही, पण सार्वजनिक स्वरूपाची कामं करतं. पुढे न्यायमूर्ती लोढा समिती आली, २०१६ चा निकाल आला, तो इतिहास ताजा आहे. मला एवढंच दाखवायचं आहे की दानाला दिशा असते. मार्च २०२० मध्ये मंडळानं पंतप्रधानांच्या पीएम केअर्स निधीला ५१ कोटी रुपये जाहीर केले. रक्कम मोठी, प्रसंग गंभीर. पण पैसा गेला वर. वर गेलेला पैसा खाली येईलही. पण तो येताना मैदानावरच्या गावाचा पत्ता विचारत येत नाही. एफएची १२४ क्लबांची पद्धत नेमकी उलट्या दिशेची आहे, आणि आपल्या जिल्हा संघटनांच्या जाळ्याकडे पाहिलं तर ती इथे अशक्य म्हणण्यासारखी नाही. अडचण एकच, जिल्ह्यात पैसा पोचला की जिल्ह्याला वही ठेवावी लागते.

इमॅन्युएल कांटनं १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक बोचरा प्रश्न विचारला आहे. काही माणसं श्रीमंत आणि काही गरीब होण्यामागे बहुतेक वेळा राज्यव्यवस्थेचा अन्यायच असतो. मग श्रीमंतानं गरिबाला केलेली मदत औदार्य म्हणवून घ्यायला पात्र आहे का? मी हा प्रश्न चाळीस वर्षं वर्गात मांडला आणि मुलांनी तो परीक्षेत चार गुणांसाठी लिहिला. एफएच्या बाबतीत तो अगदी शब्दशः लागू पडतो. बायकांच्या खेळावर ती आज जो पैसा खर्च करते, तो तिच्या पत्रकांत ‘गुंतवणूक’ म्हणून येतो, ‘पाठबळ’ म्हणून येतो. पन्नास वर्षं बंद ठेवलेल्या फाटकाचं भाडं, असं त्याचं एक नाव असू शकतं. ते नाव कुठल्या पत्रकात मी पाहिलेलं नाही.

१४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल नावाच्या चोवीस मजली इमारतीला आग लागली आणि बहात्तर माणसं गेली. त्या ऑगस्टचा कम्युनिटी शील्डचा सामना आर्सेनल आणि चेल्सी यांच्यात होता, दोन्ही लंडनचे क्लब, आणि उत्पन्न आगीत होरपळलेल्या कुटुंबांच्या मदतीला देण्याचं ठरलं. वाचलेली माणसं वेम्बलीवर बोलावली होती. १८७६ चे ग्लासगोचे व्यापारी त्या दिवशी वेम्बलीवर असते तर त्यांना सगळं समजलं असतं : आपलं शहर, आपला संघ, आपली माणसं.

आणि २९ ऑगस्ट २०२०. त्या दिवशी वेम्बलीवर एकामागोमाग दोन कम्युनिटी शील्ड सामने झाले. पहिला बायकांचा, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर सिटी. बायकांची ढाल २००८ नंतर बंद पडली होती, ती त्या दिवशी पुन्हा सुरू झाली. चेल्सीनं २-० नं जिंकली. नव्वद हजारांचं ते मैदान होतं, आणि कोविडमुळे प्रेक्षागृहात एकही तिकीट विकलेलं नव्हतं.

वेळ झालेली आहे. प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्यानं विचारा.